बाद झालेली मुलं भिंतीला टेकून बसतात, काय करू?

तिसरीच्या बाई

नमस्कार. माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे, पट 34. यंदा ठरवून आठवड्याचे तीन तास वर्ग बाहेर नेते. दोन तास जुने खेळ, एक तास गणित किंवा परिसर अभ्यास. मुलं मोकळी व्हावीत, एकमेकांत मिसळावीत, एवढाच हेतू.

अभ्यासाचा तास छान होतो. परवा खांबाच्या सावलीच्या टोकाला खडूने रेघ मारली, तासाच्या शेवटी परत गेलो. सावली रेघ सोडून पुढे गेलेली. एक जण ओरडला, "बाई, रेघ सरकली!" दुसरी म्हणाली, "रेघ तिथंच आहे रे, सावली पळाली." मग मुलांनीच टीच टीच मोजून ती किती पळाली ते काढलं. वर्गात तोंड न उघडणारी दोन मुलं त्या दिवशी भांडून भांडून बोलत होती.

अडचण खेळाच्या तासाला येते. लंगडी घेतली की दहा मिनिटांत निम्मा वर्ग बाद. बाद झालेली भिंतीला टेकून बसतात आणि चपळ सात-आठ जणच तासभर खेळतात. एक मुलगा तर खेळ सुरू होताच मुद्दाम रेघेबाहेर पाय टाकतो. काल त्याला बाजूला घेऊन विचारलं. खाली बघत म्हणाला, "लवकर बाद झालं की कुणी हसत नाही." तेव्हापासून मला चैन नाही. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच पोरगा भिंतीपाशी बसतो. कुणी यातून मार्ग काढलाय का?

पाटीपेन्सिल

बाई, तुमच्या त्या मुलाचं वाक्य वाचून मला माझीच एक चूक आठवली. प्राथमिकला माझी 19 वर्षं झाली, पण पहिली काही वर्षं मी संघ कसे पाडायची? दोन हुशार खेळाडू पुढे उभे करायचे आणि त्यांनी एकेक भिडू मागून घ्यायचा. दुसरीतली एक मुलगी दर वेळी शेवटी उरायची. नावं पुकारली जात असताना ती अंगठ्याने मातीत अर्धगोल काढत राहायची, मान वर नाही. पुढे पुढे खेळाचा तास आला की तिच्या पोटात दुखायला लागलं. मला वाटलं, खेळायचा कंटाळा करते. कळायला फार उशीर झाला, त्याचं आजही वाईट वाटतं.

आपण लहानपणी कसे भिडू पाडायचो ते आठवा. साधारण सारख्या ताकदीचे दोघं जोडी करून लांब जायचे, कानात कुजबुजून गुपचूप नावं घ्यायचे, एक चंद्र, एक सूर्य. मग येऊन गड्यांना विचारायचे, कोण हवा? गडी नाव मागायचा, माणूस नाही. त्यामुळे शेवटी उरलेला असा कुणी नसायचाच, आणि दोन्ही बाजू आपोआप तोलामोलाच्या व्हायच्या. मुलांच्या मनाचा इतका विचार कुणी पुस्तकात बसून केला नसेल. मी तेव्हापासून असेच भिडू पाडते. राज्य कुणावर, हेही मी ठरवत नाही, मुलं हात उपडे-सुलटे टाकून सुटत जातात. बाईंनी राज्य दिलं की ती शिक्षा वाटते, सुटता सुटता आलं की तो डाव असतो.

दुसरं म्हणजे खेळ निवडताना एकच गोष्ट बघा, बाद झालेल्याचं पुढे काय होतं. विषामृत घ्या. ज्याला विष मिळालं तो जागच्या जागी थिजतो, पण भिडूने येऊन अमृत दिलं की परत पळायला मोकळा. इथे हळू पळणाऱ्यालाही सोडवायला कुणी तरी जिवाच्या आकांताने धावत येतं. वर्गात ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याला असं कुणी सोडवलं, की त्याच्या चेहऱ्याकडे बघा तुम्ही. साखळीही तशीच, पकडला गेलेला हात धरून साखळीत येतो, बाहेर कुणी जातच नाही.

आणि "लिंबूटिंबू" विसरू नका. नवीन आलेलं, आजारातून उठलेलं, घाबरट पोर लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. पळायचं सगळं, पण राज्य येत नाही. मात्र ही सवलत मुलांनी द्यावी आणि त्याने स्वतः सोडावी. माझ्याकडे एक जण पंधरा दिवस लिंबूटिंबू होता. सोळाव्या दिवशी स्वतःच म्हणाला, "आजपासून मी पक्का." तशीच टाइमप्लीज. दम लागला, रडू आलं, बुटाची नाडी सुटली, काहीही असो, मूठ दाखवून टाइमप्लीज म्हटलं की त्याला कुणी शिवायचं नाही. "मला आत्ता थांबायचंय" हे न लाजता सांगता येणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे. माझी मुलं आता वर्गातही टाइमप्लीज घेतात आणि मी देते.

मैदानावरचा सर

पाटीपेन्सिल ताईंशी सहमत, पण थोडा वेगळा मुद्दा मांडतो. बाद होणं पूर्ण काढून टाकू नका. हरणं मुलांना झेपतं, ताटकळत बसणं झेपत नाही. लंगडीतच बदल करा. 34 मुलांचं एकच मैदान आखण्याऐवजी तीन लहान आखा, डाव दोन-तीन मिनिटांचा ठेवा. पुढचे दोन जण बाद झाले की आधीचा आत, असा नियम करा. पाय आलटून पालटून घ्यायला लावा, नाहीतर सगळा भार एकाच पायावर पडतो. आणि मैदानात खडे-काचा आहेत का ते आधी स्वतः चालून बघा.

लगोरीला वाव जास्त आहे. सात चपट्या दगडांची लगोरी फोडायला नेम लागतो, रचायला थंड डोकं, आणि रचणाऱ्याला आडोसा द्यायला धाडस. पळण्यात मागे असलेलं पोर रचण्यात पुढे निघतं. चेंडू चिंध्यांचा किंवा स्पंजचा घ्या आणि कमरेखालीच मारायचा हे आधी ठरवा. टेनिसचा चेंडू पाठीत बसला की घाबरट मूल महिनाभर मैदानावर येत नाही.

पालक "खेळायला घर आहेच" म्हणाले, तर शांतपणे आकडे सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जादा उघड्यावर नेलं. तीन वर्षांनी त्या शाळांत 30.4 टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. चष्म्याचा विषय निघाला की पालक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

एक आई

मी शिक्षिका नाही. माझी मुलगी चौथीत आहे आणि ती भिंतीपाशी बसणाऱ्यांतली होती. कृपा करून अशा मुलांना कायमचं गुण मोजायला बसवू नका. "तू छान मोजतेस" म्हणून तिला वर्षभर वही दिली होती. सगळ्यांना वाटायचं, तिला आवडतं. ती घरी अंगणात एकटी लंगडी घालायची.

तिसरीच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आई, तुमचं वाचून मी पहिल्यांदा वही बंद केली. खरं सांगते, त्या मुलाला तेच काम द्यायचं माझ्या मनात होतं.

तीन आठवडे झाले. भिडू आता जोड्यांनी पडतात. नावं घेण्यात इतका वेळ जातो की निम्मा तास कुजबुजण्यातच, पण मी घाई करत नाही, कारण जे एरवी एका बाकावर बसत नाहीत ते डोक्याला डोकं लावून नाव ठरवतात. विषामृत सगळ्यांत आवडतं झालंय. लगोरी अजून भांडणांत अडकते, ती परत घेईन.

तो मुलगा पहिल्या आठवड्यात लिंबूटिंबू होता. गुरुवारी त्याला विष मिळालं. थिजून उभा राहिला, दोन्ही हात अंगाशी, आणि वर्गातली सगळ्यांत दांडगी मुलगी राज्य चुकवत त्याच्याकडे धावली. तिचा हात लागला तसा तो पळाला तो थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आणि मग तिथून मागे फिरला, दुसऱ्या कुणाला तरी सोडवायला.