हुशारी उपजत असते की वाढते? नवोदयच्या जादा तासांसाठी मुले निवडताना पडलेला प्रश्न

प्रश्न : जि. प. शिक्षिका, धारूर तालुका (बीड)

आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गातून नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या जादा तासांसाठी मुले निवडायची आहेत. निवड आम्ही शिक्षकच करतो आणि 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' हे वाक्य त्या वेळी हमखास ऐकू येते. माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांचा एक मुलगा आहे. वजनपावती पाहून किती टन झाले, त्याचे किती पैसे झाले आणि उचलीतले (हंगामाआधी आगाऊ घेतलेल्या पैशांतले) किती फिटले, हे तो तोंडी सांगतो. तेच गणित शाब्दिक उदाहरण म्हणून पुस्तकात आले की मात्र दुसऱ्या ओळीवर अडखळतो, कारण दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर फडावर जातो आणि वाचनाचा सराव तुटतो. सहकाऱ्यांनी त्याचे नाव यादीत घेतलेले नाही. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, या समजुतीला खरोखर आधार आहे का? आणि अशा मुलांना घेतल्याने चुणचुणीत मुलांवर अन्याय होतो का?

उत्तर १ : निवृत्त केंद्रप्रमुख, लातूर

ताई, बुद्धिमापनाची पहिली चाचणी आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केली, ती वर्गात मागे पडणाऱ्या आणि वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांसाठी. बुद्धी वाढवताच येत नाही, हे मत त्यांनी स्वतःच १९०९ मध्ये खोडून काढले होते. पुढे अमेरिकेत लुईस टर्मन यांनी हुशारी उपजत मानून १९२१ पासून उच्च बुद्ध्यंकाची सुमारे दीड हजार मुले निवडली. त्या चाळणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ बाहेर राहिले. त्या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले (१९५६ आणि १९६८), निवडलेल्यांपैकी मात्र एकालाही नाही.

लातूर पॅटर्नचे यश सरावावर उभे आहे, असे आपण अभिमानाने सांगतो आणि त्याच तोंडाने दहा वर्षांच्या मुलाबद्दल 'त्याच्यात ते नाहीच' असेही म्हणतो. ही विसंगती मला नोकरीभर खटकत आली.

उत्तर २ : गणित शिक्षक, परभणी

सरांचे म्हणणे मान्य आहे, तरी मुलामुलांत फरक असतो आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, हे नाकारून चालणार नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांना 'बुद्धी वाढवता येते' हे तासाभराच्या आतल्या एका छोट्या पाठातून समजावले गेले. मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले, पण किंचितच. मला महत्त्वाचे वाटते ते २०२२ मधील पुढचे विश्लेषण : ज्या गणित शिक्षकांचा स्वतःचा या गोष्टीवर विश्वास होता, त्यांच्या वर्गात या पाठाचा परिणाम दिसला, इतरांच्या वर्गात नाही. म्हणून भिंतीवर सुविचार लावण्यापेक्षा आपण चुकलेल्या मुलाला तेच उदाहरण दुसऱ्यांदा सोडवायला देतो का, हे पाहावे.

चुणचुणीत मुलांचे नुकसान होईल असे मला वाटत नाही. त्यांना अधिक अवघड उदाहरणे द्यावीत आणि 'तू हुशारच आहेस' हे कौतुक टाळावे. १९९८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात बुद्धीचे कौतुक झालेल्या मुलांनी नंतर सोपे काम निवडले आणि अपयश येताच ती लवकर खचली, तर मेहनतीचे कौतुक झालेली मुले टिकून राहिली.

उत्तर ३ : जि. प. शिक्षिका, हिंगोली

मॅडम, त्या मुलाचे नाव यादीत घ्याच. नवोदयच्या १०० गुणांपैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे असतात आणि त्यातला बराचसा भाग आकृत्यांचा असल्याने त्याची वाचनाची अडचण तिथे कमी जाणवेल. खरा अडथळा परीक्षेच्या वेळेचा आहे, कारण ती हिवाळ्यात, ऐन गाळप हंगामात येते. तेव्हा तो फडावर असेल, तर यादीतल्या नावाचा उपयोग नाही. दिवाळीआधीच पालकांशी बोलून त्याला हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, ते पाहा. आजी-आजोबा गावातच असतील तर आधी त्यांना भेटा, कारण मुलाला मागे ठेवायचे की नाही, हे बहुतेक घरांत त्यांच्या होकारावर ठरते.