मदत हवी आहे: डोलकाठीवर चढायचं की डोलकाठीच खाली घ्यायची?

कासचा_वारा:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात शिडाची होडी म्हटलं की लोक आधी हसतात. तुम्हीही हसून घ्या, मग वाचा.

गेल्या उन्हाळ्यात मुंबईहून जुनी २० फुटी फायबरची होडी ट्रेलरसकट आणली. सध्या ती मेढ्याजवळ मेव्हण्याच्या खळ्यात उभी आहे. परवानगी मिळाली की दसऱ्यानंतर बामणोलीला शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) उतरवायची. डोलकाठी ॲल्युमिनियमची, २४ फूट, बुडाशी बिजागरी.

परवा मोठं शीड काढताना ते वर ओढायच्या दोराचं टोक हातातून सुटलं ते सर्रकन वर जाऊन काठीच्या शेंड्यावरच्या कप्पीपाशी बसलं. पुतण्या म्हणतो, "काका, मी चढतो." शेजारचा एक जण चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर कामाला आहे, तो स्वतःचा हार्नेस द्यायला तयार आहे.

आणखी एक. डोलकाठीला डावीकडून ताणून धरणारी जी स्टीलची तार आहे (४ मिमी, १९ पदरी), तिचे दोन पदर खालच्या टर्मिनलच्या (तारेच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशी तुटलेत. फडकं फिरवताना बोट फाटलं तेव्हा कळलं. बोअरची मोटर सोडणारा म्हणाला, "दोन क्लॅम्प मारतो, हत्ती लटकवा." मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, त्यामुळे हत्तीवर विश्वास बसेना. काय करू?

खलाशी_निवृत्त:
आधी पुतण्याला खाली बसवा!

हार्नेस चांगलाच असणार, पण तो अडकवणार कशाला? पवनचक्कीचा खांब स्वतःच्या पायावर उभा असतो. तुमची डोलकाठी उभी आहे ती तारांच्या जिवावर, आणि त्यातली एक तुटायला आली आहे. शिवाय ट्रेलरवरच्या एवढ्याशा होडीच्या टोकाला माणूस लटकला तर होडीच आडवी होईल. मोठ्या यॉटवर आम्ही चढायचो, पण बसायच्या पाटाला दोन वेगळे दोर, दोन्ही गाठ मारून बांधलेले (शॅकलवर, म्हणजे पिनेच्या धातूच्या कडीवर, भरवसा नाही), आणि दुसऱ्या दोराशी खाली एक शहाणा माणूस.

बिजागरी आहे ना, मग काठी मागे झोपवा. जिबचा (पुढच्या लहान शिडाचा) दोर मोकळा असेल तर तो डावीकडे कड्याला ताणून बांधा, म्हणजे दुखऱ्या तारेवरचा भार हलका होईल. पुढची तार सोडण्याआधी तिच्या खालच्या टोकाला कप्प्यांचा दोर लावा आणि त्यावर हळूहळू सोडा. चार माणसं हवीत. काठीच्या खाली कोणी उभं राहायचं नाही, मेव्हणासुद्धा नाही.

क्लॅम्प अजिबात नको. ती तार कडक असते, वळवून क्लॅम्प मारली की वळणावरच दुखावते. एक पदर तुटला तरी तार बदलायची, आणि बदलताना डावी-उजवी दोन्ही, कारण दोघींचं वय एकच. पाणी तारेवरून ओघळत खालच्या टर्मिनलमध्ये शिरतं, मुंबईचं असेल तर खारं. आतून गंज, बाहेरून चकचकीत. म्हणून खालचं टोक आधी जातं. जुनी तार फेकू नका, नवीन तिच्याच मापाने करून घ्या. स्प्लिट पिना मात्र सगळ्या नव्या.

मिरजेचा_वायरमन:
होडीतलं कळत नाही, पण खळं म्हटल्यावर राहवेना. वरून लाइन जाते का? रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची लाइन नियमाने जमिनीपासून कमीत कमी ६.१ मीटर, म्हणजे २० फूट असते. तुमची काठी अधिक होडी अधिक ट्रेलर मिळून तीस फुटांच्या आसपास जाणार. ॲल्युमिनियम! काठी पडताना किती मागे जाते तेही मोजा. बामणोलीला नेताना काठी आडवीच ठेवा, उभी करायची ती धक्क्यावर वर बघून.

कासचा_वारा:
दोघांचेही आभार. आज गेलो तर खळ्याच्या मागच्या बांधावरून खरंच लाइन गेलेली. काठी मागे पडली असती ती थेट त्याच बाजूला. सहा महिने ती होडी तिथे उभी आहे आणि एकाचंही लक्ष वर गेलं नव्हतं.

ट्रेलर फिरवून पुढच्या मोकळ्या रानात नेला, पाच जणांनी काठी झोपवली. दोर दोन मिनिटांत सुटला. पुतण्या जरा नाराज आहे.

कंपनीतून डाय पेनिट्रंटचे (बारीक भेगा दाखवणाऱ्या लाल रंगाचे) डबे आणून सगळी टर्मिनलं तपासली. तुटक्या तारेचं तर गेलेलंच, पण उजवीकडच्या धडधाकट दिसणाऱ्या टर्मिनलवरही केसासारखी उभी लाल रेघ उमटली. खलाशीकाका, तुमचं खरं निघालं.

आता पुढचा प्रश्न: ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची १९ पदरी तार आणि टर्मिनल दाबून देणारं कोणी पुण्यात आहे का, की मुंबईच गाठावी लागेल?