‘नवरा माझा नवसाचा २’: कंडक्टरचा टीसी केला आणि तिथेच गाडी चुकली?

लालडबा

परवा ‘नवरा माझा नवसाचा २’ घरी पुन्हा पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये थिएटरात पाहिला तेव्हाही काहीतरी खटकलं होतं, पण नेमकं बोट ठेवता येत नव्हतं. या वेळी आलं.

ज्यांनी पहिला पाहिला नाही (असं कोणी आहे का?) त्यांच्यासाठी: २००४ चा सिनेमा. मूल झालं तर त्याला नागडं करून गणपतीपुळ्याला आणू, असा नायक वॅकीच्या जन्मावेळचा नवस फेडायचा राहिलेला. आता वॅकीलाच मूल होत नाही, म्हणून बायको त्याला घेऊन एसटीने निघते. नवस आहे तसाच, पण बाळाचा झालाय बाप्या. बस्स, एवढ्यावर अख्खा सिनेमा चालतो. दुसऱ्या भागात त्यांची मुलगी मोठी झालीये, तिच्या जोडीला स्वप्नील जोशी आहे आणि एसटीऐवजी कोकण रेल्वे. पहिल्यातले कंडक्टर अशोक सराफ इथे टीसी.

माझं म्हणणं एवढंच की, एसटी आणि रेल्वे ही नुसती वाहनं नाहीत. एसटी म्हणजे एक खोली. सगळी माणसं त्याच खोलीत. मागच्या बाकावर कोणी बोललं की पुढचा मान वळवणार. आणि मधल्या अरुंद वाटेतून फिरणारा कंडक्टर हा त्या घराचा कर्ता पुरुष. अशोक सराफांकडे तिकिटांचा ट्रे होता, पंच होता, घंटीची दोरी होती. गाडी थांबवायची की सोडायची ते त्यांच्या हातात. टीसीच्या हातात काय असतं? तो येतो, तिकीट बघतो, पुढच्या डब्यात जातो. पाहुणा! सराफांना पाहुणा केलं की विनोदही पाहुण्यासारखाच येऊन जातो.

सोलकढी_प्रेमी

अहो लालडबा, तुम्ही एसटीवर पीएचडी करा. आम्ही सिनेमा बघायला गेलो होतो.

माझी आई ७४ वर्षांची, गुडघ्यांमुळे थिएटरात पाऊल टाकत नाही. याला स्वतः म्हणाली, “चल.” सोबत माझी दोन्ही पोरं. काळ्या कोटातले अशोक सराफ पडद्यावर आले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधीच थिएटर हसलं. माझा धाकटा मला विचारतोय, “आई, अजून काहीच झालं नाही, सगळे का हसतायत?” हे त्याला समजावून सांगता येत नाही हो. त्या वेळी ते ७७ वर्षांचे होते. त्यांनी नुसती भुवई उचलली तरी मला पैसे वसूल. तीन पिढ्या एका रांगेत बसून हसतील असे सिनेमे वर्षाला किती येतात आपल्याकडे?

लालडबा

पण तुम्हीच मुद्दा दिलात की! तुमचा धाकटा बरोबर विचारत होता. ते हसू २००४ चं होतं, तुम्ही घरून बांधून नेलेलं. पहिल्या भागाला असा डबा कोणी आणून दिला नव्हता.

घाटरस्ता

लालडबांशी सहमत, पण कारण वेगळं. एसटीच्या प्रवासात अडचणीला वाव असतो. गाडी पंक्चर होते, कोणाला उलटी येते, चहाच्या टपरीवर एखादा मागे राहतो. रेल्वेची स्टेशनं ठरलेली. गोष्टीला वाटेत उतरायलाच मिळत नाही, मग प्रसंग ओढून आणावे लागतात.

अवांतर: मधुराणी प्रभुलकर पहिल्या भागात होत्या हे मालिकेमुळे त्यांना ओळखणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नाही. आणि पहिल्या भागातले प्रदीप पटवर्धन २०२२ मध्ये गेले. दुसरा भाग बघताना मी त्यांना शोधत होतो, उगाच.

कोकणकन्या_उशिरा

काय बोलताय, रेल्वेत विनोद नाही? कधी मे महिन्यात जनरल डब्यातून सावंतवाडीला जाऊन बघा. फणस सीटवर आणि माणूस खाली. क्रॉसिंगला गाडी जंगलात थांबली की कुठली गाडी पुढे जाणार यावर अख्ख्या डब्याची मतं असतात, आणि मोटरमनपेक्षा शेजारच्या आजोबांना जास्त माहिती असते. गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत तर टीसीला डब्यात शिरायलाच जागा नसते. कोकणातला माणूस आज असाच गावी जातो. २०२४ मध्ये पुन्हा एसटीच दाखवली असती तर तुम्हीच म्हणाला असतात की तेच ते उगाळलंय.

माझी तक्रार रेल्वेबद्दल नाही. तक्रार ही की मी वर लिहिलेली रेल्वे सिनेमात दिसत नाही. फार स्वच्छ, फार ऐसपैस.

लालडबा

@कोकणकन्या, हे मान्य. मी ‘रेल्वेत विनोद नसतो’ म्हणालो ते चुकलं (म्हणालो नव्हतो, पण अर्थ तोच निघत होता). फणसवाला डबा दाखवला असता तर हा धागाच काढला नसता.

रिळंवाला

दोन्ही बाजूंनी पहिल्या भागाला देव्हाऱ्यात बसवलेलं दिसतंय, म्हणून विचारतो, अलीकडे तो सलग कोणी पाहिलाय? तुकडे नव्हे, सलग. चोरांचं उपकथानक बऱ्यापैकी रटाळ आहे. सोनू निगमचं गाणं आलं की आपण सगळं माफ करतो. टीव्हीवर लागलेला सिनेमा आपण आवडत्या जागी पाहतो आणि कंटाळ्याच्या जागी कुकर बंद करायला उठतो. अशा वीस वर्षांत गाळून उरलेल्या सिनेमाशी नवीन सिनेमाची तुलना करायची, हा कुठला न्याय?

सीक्वेल जमू शकतो. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चा दुसरा भाग घ्या. पहिल्यात फक्त दोन माणसं आणि पुण्यातला एक दिवस. दुसऱ्यात तीच दोघं, पण आता घरंदारं, पाहुणे, लग्नाची गडबड. तोच प्रवास पुन्हा केला नाही. इथे मात्र तोच देव, तोच नवस, तेच गाव, फक्त वाहन बदललं. माझ्या मते दोष टीसीत नाही, नवसात आहे. फेडलेला नवस पुन्हा कसा फेडणार?

सोलकढी_प्रेमी

रिळंवाला, नवस फेडला तरी माणसं दर वर्षी जातातच की पुळ्याला. आम्ही जातो. दरवेळी तोच समुद्र, तीच प्रदक्षिणा, तेच मोदक. आई म्हणते, “पुन्हा भेटून येऊ.” मी हा सिनेमा तसाच पाहिला. तुम्ही परीक्षेचा पेपर तपासायला गेलात.

रिळंवाला

हे मात्र मला खोडता येत नाहीये. उद्या ऑफिसातून नीट उत्तर देतो.

घाटरस्ता

एक बारीक शंका. गणपतीपुळ्याला स्टेशन कुठाय?

कोकणकन्या_उशिरा

नाहीच आहे. रत्नागिरीला उतरायचं. तिथून पुढे रिक्षावाला सांगेल तेवढे द्यायचे, नाहीतर एसटी.

लालडबा

:)