कार्तिकीहून आजी परतली तोवर बँकेनं नोटा घेणं बंद केलं होतं

माणदेशी_नात:

श्रावणात आजी गेली. परवा तिची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी लुगड्याच्या घडीत जुन्या पाचशेच्या तेरा नोटा निघाल्या. मागे दांडीयात्रेचं चित्र असलेल्या. सगळ्या एका टाचणीत टोचलेल्या, आणि टाचणीचा गंज वरच्या तीन नोटांवर उतरलेला. एका नोटेच्या कोऱ्या जागेत कुणीतरी निळ्या पेनानं २० असा आकडा घातलाय.

या साडेसहा हजारांवरून आजीनं आमच्या घरात किती बोलणी खाल्ली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. "म्हातारीनं पैसे दडवले आणि रद्दी केली" हे वाक्य लग्नाकार्यात पाहुण्यांसमोरसुद्धा निघायचं. ती कधी उलटून बोलली नाही.

पैसे तिचे नव्हतेच, बचत गटाचे होते. अकरा बायकांचा गट, आजी खजिनदार, खातं गावातल्या जिल्हा बँकेच्या शाखेत. दिवाळी झाल्यावर हप्ते गोळा केले, पेटीत ठेवले, किल्ली कनवटीला लावली आणि दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेली. दरवर्षी जायची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा बंद झाल्या तेव्हा ती वाटेवर होती. एकादशी झाली तरी पौर्णिमेच्या काल्याशिवाय माघारी फिरायची नाही, हा तिचा नेम. घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बँकेत गेली, तर दारावर कागद: जुन्या नोटा स्वीकारल्या जाणार नाहीत.

मग तालुक्याच्या मोठ्या बँकेत गेली. सकाळी सातला रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा रोकड संपली होती. तिथं तिचं खातं नव्हतं. बाबा इचलकरंजीला, यंत्रमागावर. त्यांनी नंतर विचारलं, माझ्या खात्यात का नाही भरायला दिलेस? तर म्हणाली, "गटाचं पैसं तुझ्या नावावर कसं घालू? उद्या बाया काय म्हणतील?"

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आजीच्या हातून खरंच चूक झाली होती का? आणि या नोटांचं आता काय करायचं? पेटीत दोन हजारांचीही एक नोट आहे.

निवृत्त_रोखपाल:

ताई, मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या जिल्हा बँकेत काउंटरला होतो, म्हणून लिहितो.

९ तारखेला सगळ्या बँका बंद होत्या. १० ते १३ आम्ही जुन्या नोटा घेतल्या. शनिवार-रविवारीही शाखा उघडी होती, जेवायला उठायची सोय नव्हती. १४ ला गुरुनानक जयंतीची सुट्टी. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला की जिल्हा मध्यवर्ती बँकांनी जुन्या नोटा बदलूनही द्यायच्या नाहीत आणि खात्यात भरूनही घ्यायच्या नाहीत. खातेदाराला त्याचे पैसे तेवढे काढता येतील, तेही आठवड्याला २४ हजारांपर्यंत. आमच्याकडून काळा पैसा पांढरा होईल अशी शंका होती. पण खेड्यात शेतकऱ्याचं, दूध संस्थेचं, बचत गटाचं खातं असायचं ते आमच्याकडेच! त्यांनी कुठं जायचं याचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. मी स्वतः ओळखीच्या माणसांना काउंटरवरून परत पाठवलंय. ते चेहरे अजून आठवतात.

तुमच्या आजींना नियमानं मिळाले असते ते चारच दिवस, आणि ते चारही दिवस त्या वारीत होत्या. मोठ्या बँकेत नोटा बदलून मिळण्याची मर्यादा १८ तारखेपासून दोन हजारांवर आली, बोटाला शाई लावायचे, आणि २४ नोव्हेंबरनंतर बदलून देणंच थांबलं. पुढं ३० डिसेंबरपर्यंत फक्त खात्यात भरायची सोय होती. खातं नसेल तर माणूस काय करणार? त्यांनी गटाचे पैसे मुलाच्या नावावर घातले नाहीत. तीस वर्षं रोकड सांभाळलेला माणूस म्हणून सांगतो, खजिनदारानं असंच वागावं. घरच्यांना हे वाचून दाखवा.

चाराणे_संग्राहक:

नोटांबद्दल नीट वाचा. २०१७ च्या कायद्यानुसार रद्द नोटा दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी पंचवीसपर्यंत चालतात. दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तो. तुमच्या बाबतीत पाचपट म्हणजे ३२,५००. नातेवाइकांत वाटायच्याही भानगडीत पडू नका, देणं-घेणंही त्या कायद्यात बसत नाही. जुन्या नोटा लाखात विकत घेतो म्हणणाऱ्यांचे फोन येतील, तिकडे मुळीच लक्ष देऊ नका. तुमच्या जागी मी असतो तर जास्तीच्या तीन नष्ट केल्या असत्या.

दोन हजारांची गोष्ट वेगळी. ती मे २०२३ मध्ये चलनातून काढून घेतली, रद्द केलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूर कार्यालयात जाऊन खात्यात जमा करता येते, टपालानंही पाठवता येते.

गिरगावची_मावशी:

१९७८ च्या जानेवारीत मोरारजींच्या सरकारनं हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या तेव्हा मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं. चाळीत कुणाला काही फरक पडला नाही. हजाराची नोट आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती. २०१६ मध्ये मात्र माझ्या भांडीवालीचा महिन्याचा पगार पाचशेच्या नोटांत होता. तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग असं लिहिणार होते, मग आठवलं.

माणदेशी_नात:

काका, तुमचं उत्तर बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, तिची गटाची वही बघ.

वही पेटीतच होती, मी उघडली नव्हती. डिसेंबर २०१६ च्या पानावर आजीच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय: "नग १३ बाद. शेळी व दोन करडं इकली. गटात जमा ६५००." खाली अकरा अंगठे-सह्या. म्हणजे गटाचा एक रुपया बुडाला नव्हता. शेळी कुठं गेली असं मी तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाली होती, म्हातारी झाली होती, दिली.

गंज लागलेल्या तीन नोटा बाबांनी काल चुलीत घातल्या. दहा त्या पानात ठेवल्यात. टाचणी काढून टाकली, दोरा बांधलाय.