नॅनो औषध खरोखर गाठीवरच जाते का?

भांडुपकर: माझ्या काकांना फुफ्फुसाचा स्क्वॅमस प्रकारचा कर्करोग असून उपचार परळला टाटा रुग्णालयात चालू आहेत. डॉक्टरांनी कार्बोप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधासोबत नॅब-पॅक्लिटॅक्सेल सुचवले आहे. हे नॅनो औषध थेट गाठीवर जाते आणि बाकी शरीराला धक्का लावत नाही, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असून घरचे त्यावर विसंबले आहेत. त्यात तथ्य किती?

औषधविक्रेता, दादर: फारसे नाही, तरीही औषध चांगले आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरवी ते क्रेमोफोर या द्रावकातून देतात. अ‍ॅलर्जी पुष्कळदा त्या द्रावकाचीच येते आणि ती टाळण्यासाठी आधी स्टेरॉइड द्यावे लागते. नॅब प्रकारात औषध अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधून सुमारे 130 नॅनोमीटरचे कण केलेले असतात, त्यामुळे द्रावकाची गरजच उरत नाही. अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली त्यामागच्या चाचणीत स्क्वॅमस रुग्णांपैकी 41 टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, साध्या पॅक्लिटॅक्सेलवर 24 टक्क्यांच्या. मात्र सर्व रुग्ण धरता आयुर्मानातला फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही, आणि फिरत्या मजकुरातून नेमके हेच गाळले जाते.

पवईची संशोधक: गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यांतून कण झिरपून आत साचतात, ही कल्पना 1986 मध्ये जपानी संशोधकांनी मांडली. उंदरांत ती ठळक दिसते, माणसांत मात्र गाठीगाठीनुसार बदलते. 2016 मध्ये प्राण्यांवरील अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा भाग साधारणपणे (मध्यक) 0.7 टक्के भरला. बरेचसे कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशीच गिळून टाकतात. कणांवर प्रतिपिंड (अँटीबॉडी) चिकटवून नेम सुधारण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण काकांच्या सलाइनमध्ये तसले काही नसेल.

भांडुपकर: आभारी आहे, ताई. म्हणजे दुष्परिणाम गृहीत धरावेत?

औषधविक्रेता, दादर: अवश्य धरावेत. हातापायांच्या मुंग्या साध्या प्रकारापेक्षा कमी असतात, पण हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट अधिक उतरू शकतात. मात्रा बहुधा दर आठवड्याला असते, म्हणून प्रत्येक वेळी आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, लागेल; ती भांडुपलाच करून अहवाल सोबत नेता येईल का, हे विचारून घ्या. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठा.