विकासाच्या भेटीगाठी: शिकायला जातो की कार्डं वाटायला?

आडवाटेवरचा

गेल्या आठवड्यात पुण्यात एका संध्याकाळच्या कार्यक्रमाला गेलो होतो. विषय आंतरराष्ट्रीय विकास. आशिया-आफ्रिकेतले अनुभव, शाश्वत विकास उद्दिष्टं, मग चहापान आणि ओळखीपाळखी. बरोबर आमच्याकडच्या एक ताई होत्या. वेल्ह्याच्या बाजूला सतरा वर्षं बचतगटांचं काम करतात. दारातच गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं. नाव, संस्था, हुद्दा. ताई म्हणाल्या, "हुद्दा काय लिहू रे?" मी म्हटलं, लिहा काहीही. त्यांनी लिहिलं, 'गटाची बाई'.

पुढचे तीन तास मी बघत होतो. माणसं जवळ यायची, नजर आधी कार्डावर, मग हसू, मग पुढे. एका माणसाने तर कार्ड वाचून माझ्याकडे हात पुढे केला, ताईंच्या खांद्यावरून! तीन तासांत ताईंशी कुणी बोललं नाही.

कार्यक्रम सगळा इंग्रजीत. थिअरी ऑफ चेंज, स्केल, स्टेकहोल्डर. नायजेरियातल्या बायकांच्या कर्जगटांवर वीस मिनिटं सादरीकरण झालं आणि सभागृहात ज्या एका बाईला त्यावर चार प्रश्न विचारता आले असते तिला ते कळलं नाही.

माझं म्हणणं असं की हे बाजार आहेत. बाजाराला माझी ना नाही, पण पाटी 'शिकण्याची' का लावता? शिकणं बघायचं तर जामखेडला जा. १९७० साली मेबल आणि रजनीकांत आरोळे हे डॉक्टर दांपत्य तिथे गेलं. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा, त्यातल्या कित्येक दलित, बायका गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या. पुढे देशोदेशीचे डॉक्टर तिथे शिकायला आले आणि शिकवणाऱ्यांत याच बायका होत्या. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला परिषदेत बोलल्या. छताच्या झुंबरांकडे बोट दाखवून म्हणाल्या की डॉक्टर हे असे, सुंदर पण महाग नि लांबचे. मग पिशवीतून दोन दिवे काढले आणि एकावर दुसरा लावून दाखवला. त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर त्या दिवशी काय हुद्दा होता कोण जाणे.

कुचकट_काका

बाकी जाऊ दे, खायला काय होतं?

आडवाटेवरचा

बोटाएवढे समोसे. गार.

नवी_शिकाऊ

दादा, तुमच्या ताईंबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण बाकी लेखाशी साफ असहमत.

मी तुळजापूरला एम. ए. केलं. घर लातूरकडचं, वडील एसटीत. आमच्या सात पिढ्यांत कुणी 'सेक्टर'मध्ये नाही. पहिले आठ महिने मी ई-मेल पाठवत होते, उत्तर शून्य. मग अशाच एका संध्याकाळी पाणी हा विषय होता, समोश्यांच्या रांगेत एक मॅडम भेटल्या. म्हणाल्या, बेसलाइनला, म्हणजे प्रकल्पाआधीच्या पाहणीला, माणसं हवीत, सोमवारी ये. ती जागा कुठल्याही संकेतस्थळावर नव्हती. बऱ्याच जागा नसतात. "कुणी ओळखीचं आहे का?" असं विचारूनच भरतात.

तुमच्या ओळखी वीस वर्षांत झाल्या आहेत, म्हणून तुम्हाला बाजार ओंगळ दिसतो. आम्हाला तीच एक खिडकी आहे. ती बंद झाली तर जागा जाणार कुणाला? ज्यांचे काका आधीच आत आहेत त्यांना.

आडवाटेवरचा

बाजाराला ना नाही असं मी वरच लिहिलंय.

नवी_शिकाऊ

लिहिलंय, पण नाकाला रुमाल लावून.

गोरेगावचा_साक्षीदार

वर जरा सोवळं-ओवळं चाललंय म्हणून एक जुनी गोष्ट. जानेवारी २००४, गोरेगावचं नेस्को मैदान. वर्ल्ड सोशल फोरम, म्हणजे जगभरच्या चळवळींचा मेळावा. आधीच्या तिन्ही वेळा ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रेला झालं होतं, पहिल्यांदाच बाहेर पडून मुंबईत आलं. १६ ते २१ तारीख, माणसं लाखाच्या घरात. मी स्वयंसेवक होतो, काम हेडफोन वाटायचं आणि परत गोळा करायचं. वाटलेल्यातले निम्मेच परत यायचे.

शुद्धतेचा वाद तेव्हाही होता. भारतीय आयोजकांनी फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेचे पैसे नाकारले. तरी काहींना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी हायवेच्या पलीकडे 'मुंबई रेझिस्टन्स' नावाने वेगळा मांडव टाकला. म्हणजे जगाला पर्याय शोधायला आलेल्या मेळाव्यालाच पर्याय! आम्ही दुपारी रस्ता ओलांडून तिकडे भाषणं ऐकायचो आणि जेवायला अलीकडे यायचो.

शिकलो का? स्टिग्लिट्झ, शिरीन एबादी, अरुंधती रॉय यांच्या सभांना तोबा गर्दी. लहान तंबूंत वक्ते चार, श्रोते सहा. ढोलांचा आवाज इतका की सहा जणांनाही ऐकू येईना. पण मेळावा आटोपतो न आटोपतो तोच केरळात प्लाचीमाडाला पाण्यावर परिषद झाली, इथले काही पाहुणे थेट तिकडे गेले. मार्चमध्ये तिथला, जमिनीतलं पाणी उपसणारा कोका-कोलाचा कारखाना थांबला. मेळाव्यामुळे थांबला असं म्हणणारा थापा मारतो. तिथले आदिवासी, बायाबापड्या २००२ पासून कारखान्यासमोर बसून होत्या. मात्र त्यांच्याकडे जगाचं लक्ष जायला या गर्दीचा हातभार लागला. गर्दीकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवतो. गर्दी शिकवत नाही, दाखवते.

भायखळ्याची

जामखेड झालं, गोरेगाव झालं, आता जरा भायखळ्याला या.

१९८५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला पालिकेला मुभा आहे, फक्त आधी नोटीस द्या. त्याच काळात स्पार्क ही संस्था फुटपाथवर गणती करत होती. त्यातून १९८६ला महिला मिलन हे फुटपाथवरच्या बायकांचं संघटन उभं राहिलं. या बायकांना घर कसं हवं हे कागदावर काढता येत नव्हतं. मग बांबू आणि कापड घेऊन खऱ्या मापाचं घरच उभं केलं. आत शिरून बघायचं, हात पसरायचे, चूल इथे, पोटमाळा तिथे. लांबीरुंदी साड्यांनी मोजली. दुसऱ्या शहरातल्या वस्त्यांमधून बायका बघायला आल्या, परत जाऊन त्यांनी आपापली कापडी घरं उभी केली.

१९९१ला नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनचे जॉकिन अर्पुथम दक्षिण आफ्रिकेत गेले. तिकडे वर्णद्वेषाचं राज्य संपायच्या वाटेवर होतं, लोकांना वाटत होतं की आता आपलं सरकार आलं की घरं मिळणार. जॉकिननी सांगितलं की आमच्याकडे आपलं सरकार येऊन चाळीस वर्षं उलटली, आम्ही अजून फुटपाथवर आहोत; आत्तापासून संघटन करा. मग तिकडच्या बायका भायखळ्याला आल्या. रोजच्या बचतीचं पुस्तक कसं ठेवायचं ते बघून गेल्या. १९९६ला या सगळ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, एसडीआय, म्हणजे स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल.

तेव्हा 'भेटीगाठी' या शब्दाला नावं ठेवू नका. तुमच्या त्या सभागृहाला ठेवा.

चेंबूरकर_जुना

गोष्ट छान आहे. मीही अनेक ठिकाणी ऐकली आहे, आणि तीच अडचण आहे.

याच मंडळींनी मुंबईतल्या रेल्वेच्या कडेच्या झोपड्यांचं पुनर्वसन हाताळलं. एमयूटीपी हा मुंबईतल्या वाहतूक सुधारणेचा प्रकल्प, पैशात जागतिक बँकेचा वाटा. काम मोठं होतं, मारझोड न करता हजारो कुटुंबं हलली, नाकारत नाही. केनियातले रेल्वेचे अधिकारी ते बघायला मुंबईला आले, कारण नैरोबीत किबेरा झोपडपट्टीच्या रुळांकडेलाही तोच प्रश्न. त्यांनी पाहिलं असेल की लोक स्वतःहून हलले, याद्या लोकांनी केल्या. उत्तम. पण मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड कधी आतून पाहिलंय? दोन इमारतींमध्ये इतकी चिंचोळी फट की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. पुढे २०१८च्या अभ्यासात दिसलं की अशा कोंडलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आहे.

अभ्यासदौऱ्यात यश दाखवतात. दौरा आटोपल्यावर दहा वर्षांनी जे उगवतं ते बघायला बस जात नाही.

भायखळ्याची

इमारतींचं अंतर बायकांनी ठरवलं नव्हतं. नियम सैल करून चटईक्षेत्र कोणी कोंबलं ते शोधा.

चेंबूरकर_जुना

शोधलंय. म्हणून तर म्हणतो, केनियावाल्यांना तेही सांगायला हवं होतं. सांगितलं असेल तर माझे शब्द मागे.

आदर्श_गावचा_मुलगा

गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील, न ओळखणाऱ्यांनी अंदाज बांधू नयेत.

तुम्ही सगळे "गावात जाऊन शिका" म्हणता. आमच्या गावात रोज कुणी ना कुणी शिकायला येतं. पावसाळ्यानंतर बसच्या बस. शिवारफेरी, बंधारा, सलग समतल चर, ग्रामसभेचा फळा, जेवण. माझी चुलती तेच वाक्य इतक्या वेळा बोलली आहे की झोपेतही बोलेल: "आधी गावात टँकर येत होता, आता आम्ही दुसऱ्यांना पाणी देतो." पाहुणे टाळ्या वाजवतात. त्या वेळी तिचा कांदा खुरपायचा राहिलेला असतो. तिच्या अर्ध्या दिवसाची मजुरी कुठल्या प्रपोजलात असते?

आणि प्रश्न! परदेशी पाहुणे बरे, ते निदान चुकत-माकत काहीतरी विचारतात. एकाने विचारलं, "भांडणं होत नाहीत का?" चुलती खूश झाली, एक तास भांडणंच सांगितली. बोअरवेलला बंदी कशी बसली, कोण रुसलं, कोणाच्या घरचं लग्न त्यावरून अडलं. सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण तोच एक गट पुढच्या वर्षी परत आला.

कुचकट_काका

चुलतीला बोलवा पुण्यात. हुद्दा: भांडणतज्ज्ञ.

पोटोमॅककाठचा

मूळचा साताऱ्याचा, वॉशिंग्टनजवळ बावीस वर्षं. इथे तर या कार्यक्रमांचं गावच आहे. सोसायटी फॉर इंटरनॅशनल डेव्हलपमेंट ही संस्था १९५७ची, यूएसएड या अमेरिकेच्या परकी मदतीच्या सरकारी संस्थेपेक्षा चार वर्षांनी थोरली. दुपारचा डबा घेऊन चर्चा, संध्याकाळी वाइन घेऊन चर्चा. धागाकर्त्याने सांगितलेली कार्डाकडची नजर मीही वर्षानुवर्षं झेललीय. खरं सांगायचं तर मारलीही आहे.

मग २० जानेवारी २०२५. अमेरिकेची परकी मदत ९० दिवस गोठवायचा आदेश. मार्चमध्ये जाहीर झालं की यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द. १ जुलैला उरलंसुरलं परराष्ट्र खात्यात गेलं. माझं काम फेब्रुवारीतच एका ई-मेलने संपलं होतं. त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला गेलो तर निम्म्या कार्डांवर संस्थेची जागा कोरी. हुद्द्याच्या रकान्यात कुणी 'माजी', कुणी नुसती रेघ.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं नाही. विचारलं, "तुम्हाला काय येतं?" डीएचएस हा जगभरच्या आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रमही बंद पडला होता, आपल्या देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधीच्या फेऱ्यांत त्यांची तांत्रिक मदत असे. चार टेबलं पलीकडे लोक तो विदा (डेटा) कुठे कुठे उतरवून ठेवायचा याची वाटणी करत होते. बाजार म्हणा हवं तर. पण त्या दिवशी विकायला कुणाकडे काही नव्हतं आणि तरी माणसं रात्री अकरापर्यंत हलली नाहीत.

हिशोबनीस

सगळे तत्त्वज्ञान सांगताहेत, एक खातेवहीतली गोष्ट सांगतो. २०२०च्या सप्टेंबरात एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० वर आला आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी पुढे देणं बंद झालं. पूर्वी मोठी संस्था लहान संस्थेच्या चार बायकांचं तिकीट, मुक्काम सहज बसवायची. आता ऑडिटच्या भीतीने सगळ्यात आधी कात्री लागते ती प्रवासाला आणि मुक्कामाला. भायखळ्याच्या ताई म्हणतात तसे आठ-दहा दिवसांचे दौरे कशातून करायचे? सीएसआरवाल्यांना, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीवाल्यांना, विचारलं तर ते विचारतात, "यात लाभार्थी किती?" भेटीला गेलेल्या बाईला लाभार्थी धरायचं की ती जिला भेटली तिला?

उरतं काय, तर तीन तासांची संध्याकाळ. सभागृह फुकट, समोसे गार. ती स्वस्त आहे म्हणून आहे.

नवी_शिकाऊ

हे कुणी वर्गात शिकवलं नाही. हिशोबनीस काका, यावर वेगळा धागा काढा ना.

आडवाटेवरचा

आज दुपारी ताईंना हा धागा वाचून दाखवला. चुलतीच्या भांडणांपाशी पोट धरून हसल्या. मग माझ्यावर घसरल्या. जसंच्या तसं लिहितो:

"तीन तास कुणी बोललं नाही असं तू कशावरून लिहिलंस? तू त्या दाढीवाल्यापाशी उभा होतास. मी बाहेर जिन्यात बसले होते, तिथे एक नेपाळची बाई होती, तिलाही आतलं कळत नव्हतं. आम्ही हिंदीत बोललो. त्यांच्या गटात व्याज अडीच टक्के आहे महिन्याला, आपल्याकडे दोन. मी विचारलं, बुडवणारीचं काय करता? ती म्हणाली, तिच्या घरी सगळ्या मिळून जेवायला जातो, पैसे देईपर्यंत रोज. नंबर घेतलाय मी तिचा."

मी म्हटलं, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणे, तू विचारलंस कधी.

तर वरच्या लेखातलं ते एक वाक्य चुकीचं आहे. बाकीचं अजून मागे घेत नाही.

कुचकट_काका

रोज जेवायला जातात? आमच्या पतपेढीला कळवा.

भायखळ्याची

ताईंना सांगा, त्या नेपाळच्या बाईंशी व्हिडिओवर बोलणार असतील तर आमच्याकडच्या पाच जणी बसतील. हिंदी चालेल. वार कोणता?

आडवाटेवरचा

विचारलं. मंगळवार सोडून कुठलाही, मंगळवारी त्यांच्याकडे वसुली असते. आणि संध्याकाळी सातनंतर, त्याआधी वाडीत रेंज नसते.