काशीत सूर्यास्ताची नाव: आईला झेपेल का?

परभणीकर: दिवाळीनंतर आईबाबांना काशीला नेतोय. संध्याकाळी मोठ्या क्रूझऐवजी सात-आठ जणांची छोटी नाव बरी का? आईचे गुडघे दुखतात.

पैठणचा गडी: नावच घ्या. पण घाट पश्चिम काठावर, म्हणजे सूर्य गावाआड बुडतो. पाण्यात बुडणारा सूर्य बघायचा असेल तर हिरमोड होईल. घाटावरचे वाडे काळे पडत जातात अन् मागं आभाळ केशरी, ते मात्र डोळे भरून बघा. नावेत अस्सी घाटावरून बसा. दशाश्वमेध घाटावरच्या गंगाआरतीला नावा पाण्यातच उभ्या राहतात, आईला रेटारेटी नाही. नाथांनी भागवत 1573 साली काशीतच पुरं केलं, हेही सांगा त्यांना. (पैठणच्या माणसाला राहवत नाही!)

लातूरची मावशी: नावेत बसणं सोपं रे, जीव जातो घाटाच्या पायऱ्यांवर. चढाउतरायला कमी पायऱ्या कुठं, ते नावाड्यालाच विचार. भाव माणशी की अख्ख्या नावेचा, आधीच बोलून घे. लाइफ जॅकेट मागून घे.

परभणीकर: अन् पहाटे गेलो तर?

पैठणचा गडी: पहाटे ऊन थेट घाटांवर येतं, फोटोला तेच बरं. मणिकर्णिकेपाशी मोबाइल खिशात ठेवा, तिथं चिता जळत असतात.